जुन्या अम्बॅसेडरचे इंजिन स्लोवर का अडखळते: दोष शोधण्याची रीत

गाडी उभी आहे, रेसवरचा पाय काढलेला आहे, आणि इंजिन एका लयीत चालण्याऐवजी दर काही क्षणांनी ठेच लागल्यासारखे अडखळते. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा थरथरतो, आरशातले चित्र हलते, आणि रात्री हेडलाइट लावले की इंजिन बंदच पडते. जळगाव-धुळ्याकडचे मिस्त्री या दुखण्याला ‘स्लोवर मिस मारते’ एवढ्या तीन शब्दांत नाव देतात. रस्त्यावर वेग घेतल्यावर हीच गाडी निमूट धावते, त्यामुळे मालक महिनोन्महिने दुर्लक्ष करतो, आणि नंतर एखाद्या रविवारी बॉनेट उघडून कार्बोरेटरचे (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवू लागतो. ही रीत उलटी आहे. कार्बोरेटरला सर्वांत शेवटी हात लावावा, आणि त्याआधी एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवावे: नेमके कोणते सिलेंडर काम करत नाही? या उत्तराने अर्धे निदान होते; किमान अम्बॅसेडरच्या इंजिनात तरी होते, कारण त्याच्या हेडची (सिलेंडरांवरच्या झाकणाची) रचनाच तशी आहे.

येथे लिहिलेले सर्व १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनासाठी आहे. अम्बॅसेडर १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होऊ लागली, तेव्हा तिला साइड व्हॉल्वचे, म्हणजे झडपा सिलेंडरांच्या बाजूला असलेले, १४७६ सीसी इंजिन होते. १९५९ साली त्याच्या जागी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतील, हेडमध्ये व्हॉल्व असलेले १४८९ सीसी इंजिन आले आणि पुढे कित्येक वर्षे तेच चालले. नंतरच्या इसुझू इंजिनाच्या किंवा डिझेलच्या गाड्यांना यातील बराच भाग लागू नाही. फियाट किंवा प्रीमियर पद्मिनीच्या मालकांना तपासणीचा क्रम उपयोगी पडेल, परंतु जोडीच्या सिलेंडरांविषयी जे पुढे लिहिले आहे ते त्यांनी आपल्या इंजिनाला जसेच्या तसे लावू नये.

दोष मंद चालीतच का दिसतो, हे आधी समजून घ्यावे. स्लोवर मिश्रणाचा प्रवाह कमी-जास्त करणारी थ्रॉटलची झडप जवळपास बंद असते. सिलेंडरमध्ये ताजे मिश्रण अगदी थोडे येते, आणि त्यात मागच्या फेरीतला जळका वायूही मिसळलेला असतो. असे मिश्रण पेटवायला चांगली ठिणगी लागते. शिवाय मॅनिफोल्डच्या, म्हणजे हेडला जोडलेल्या नळकांड्यांच्या, एखाद्या फटीतून आत शिरणारी हवा स्लोवर एकूण हवेच्या मानाने फार मोठी ठरते, तर रेस वाढवली की तीच फट नगण्य होते. म्हणून जी गाडी साठच्या वेगाने सुरळीत धावते आणि फाटकाशी थांबल्यावर थरथरते, तिच्यात जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोक) लहान-मोठे करण्यापेक्षा ठिणगीचा किंवा चोरून शिरणाऱ्या हवेचा संशय आधी घ्यावा.

वेळ आणि तयारी

खानदेशात ही तपासणी एप्रिल-मेमध्ये करायची असेल तर पहाटे करावी. भुसावळ-जळगाव पट्ट्यात दुपारी पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, आणि अशा उन्हात उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधले पेट्रोल स्वतःच उकळू लागते. त्या वेळी दिसणारी अडखळ ही बिघाडाची की उन्हाची, हे ओळखता येत नाही. उन्हाचा भाग पुढे वेगळा घेतला आहे.

गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि बंद पडवीत किंवा गोदामात इंजिन चालू ठेवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात डोक्याला रुमाल बांधण्याची सवय आहे. इंजिनावर वाकण्यापूर्वी त्याची मोकळी टोके आत खोचावीत, कारण अम्बॅसेडरचा पंखा लोखंडी आहे आणि तो इंजिन चालू असेपर्यंत फिरतच राहतो. हत्यारे फार लागत नाहीत: प्लग पाना, फिलर गेज, दोन स्क्रू ड्रायव्हर, रबरी मुठीची पक्कड, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, हातभर लांबीची रबरी नळी आणि एक वही. व्हॅक्युम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारे) आणि कॉम्प्रेशन गेज (सिलेंडरमधला दाब मोजणारे) मिळाले तर उत्तम. तालुक्याच्या गावी एखाद्या जुन्या गॅरेजात ती असतात आणि दिवसभरासाठी उसनी मिळतात. वही मात्र अनिवार्य समजावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, इंजिनात काय फरक पडला ते लिहायचे आणि फरक पडला नसेल तर भाग पूर्ववत करायचा, एवढी शिस्त पाळली नाही तर दुपारपर्यंत मूळ दोषात आपण घातलेले दोन नवे दोष मिसळलेले असतात.

आधी कान

पारोळ्याच्या बाजूचे एक वयस्कर मिस्त्री माझ्या हातातला पाना बाजूला ठेवून म्हणाले होते, ‘आधी आयकी ले, मंग खोल.’ त्यांचे म्हणणे शब्दशः पाळावे. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला वीस स्फोट होतात. एकच सिलेंडर मेलेले असेल तर दर चौथा ठोका गळतो, म्हणजे सेकंदाला पाच वेळा, ठरलेल्या अंतराने. हा आवाज लंगड्या बैलाच्या चालीसारखा नियमित असतो. दोष सर्व सिलेंडरांना मिळून असेल, उदाहरणार्थ ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर किंवा पेट्रोल, तर ठोके मनमानी गळतात: दहा सेकंद ठीक, मग दोन-तीन झटके, मग पुन्हा ठीक.

मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडापासून बोटभर अंतरावर वर्तमानपत्राची पट्टी धरावी. पट्टी एकसारखी बाहेर फडफडत राहिली पाहिजे. ठरावीक अंतराने ती आत ओढली जात असेल तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व नीट बसत नसल्याचा संशय धरावा. ही कसोटी ढोबळ आहे, आणि सायलेन्सरला भोक असेल तर तीही फसते. तरी फुकटची आहे म्हणून करून घ्यावी.

कोणते सिलेंडर

इंजिन पुरते तापल्यावर, म्हणजे दहा-बारा किलोमीटर चालवून आणल्यावर, ते थोड्या वाढीव स्लोवर ठेवावे. या इंजिनात प्लग एका बाजूला आणि मॅनिफोल्ड दुसऱ्या बाजूला असल्यामुळे हात भाजण्याची भीती कमी आहे. रेडिएटरच्या बाजूचे सिलेंडर पहिले. रबरी मुठीच्या पकडीने पहिल्या प्लगची टोपी उपसावी, तिचे टोक इंजिनाच्या धातूजवळ धरावे म्हणजे करंटला वाट मिळते आणि कॉइलवर ताण येत नाही, आणि दोन-तीन सेकंद इंजिनाचा आवाज ऐकून टोपी परत बसवावी. चालू असलेल्या सिलेंडरची टोपी काढली की इंजिन लगेच खाली बसते. मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. चारही सिलेंडरांचे निकाल वहीत लिहावेत, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा उलट क्रमाने करावे.

आता हेडच्या रचनेचा उपयोग होतो. या इंजिनाच्या हेडला एका बाजूला एकूण पाचच तोंडे आहेत. मिश्रण आत नेणारी तोंडे दोन: एक पहिल्या व दुसऱ्या सिलेंडरसाठी सामाईक, दुसरे तिसऱ्या व चौथ्यासाठी. धूर बाहेर काढणारी तीन: पहिल्याचे वेगळे, चौथ्याचे वेगळे, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे मध्ये सामाईक. त्यामुळे एक आणि दोन ही जोडी कमजोर निघाली, किंवा तीन आणि चार निघाली, तर त्या बाजूच्या मॅनिफोल्ड गॅस्केटमधून (सांधा बंद करणाऱ्या पातळ पट्टीतून) हवा शिरत असल्याची शक्यता सर्वांत मोठी असते. दोन आणि तीन अशी मधली जोडी कमजोर असेल तर हवेचा संशय सोडून हेड गॅस्केटकडे वळावे, कारण त्या दोन सिलेंडरांमधली गॅस्केटची पट्टी फुटली की दोघांचे कॉम्प्रेशन एकमेकांत जाते. एकच सिलेंडर मेलेले असेल तर त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचे टॅपेट (व्हॉल्व उघडणारा भाग), त्याचा व्हॉल्व, या क्रमाने पाहावे. चारही टोप्या काढताना सारखाच फरक पडत असेल आणि तरीही इंजिन अडखळत असेल, तर दोष सामाईक आहे: डेल्को (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर), कॉइल, पेट्रोल किंवा कार्बोरेटर.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. हेड गॅस्केट एक-दोन किंवा तीन-चार यांच्यामध्येही फुटू शकते, त्यामुळे जोडी दिसली म्हणून मॅनिफोल्ड उघडण्यापूर्वी कॉम्प्रेशन मोजून घ्यावे.

एकटे सिलेंडर

प्लग काढून उजेडात पाहावा. टोक चहाच्या रंगाचे असेल तर प्रश्न नाही. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओले तेलकट म्हणजे ऑइल वर येत आहे. पांढरे पडले असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त. गाडी बराच वेळ स्लोवर उभी ठेवल्यावर चांगला प्लगही काळा दिसतो, म्हणून रस्त्यावरून येताच इंजिन बंद करून प्लग काढावा. गॅप ०.६ मिलिमीटर, म्हणजे ०.०२५ इंच ठेवावा. संशय असलेला प्लग शेजारच्या सिलेंडरमध्ये घालून पाहिला की दोष प्लगबरोबर सरकतो की जागेवर राहतो हे कळते. वायरच्या बाबतीतही हाच प्रयोग करावा, मात्र १-३-४-२ हा फायरिंगचा क्रम बिघडू देऊ नये. रोटर, म्हणजे डेल्कोतला फिरणारा भाग, कोणत्या दिशेने फिरतो हे डेल्कोची टोपी काढून, इंजिन हाताने फिरवून डोळ्यांनी पाहावे. दुसऱ्याच्या सांगण्यावर वायरी बसवू नयेत.

वायरी आणि डेल्कोची टोपी रात्री तपासण्यात मजा आहे, हा शब्द येथे शोभत नसला तरी. अंगणातला दिवा मालवून, इंजिन चालू ठेवून, वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. जेथे वायरचे रबर तडकले आहे तेथून निळी ठिणगी इंजिनाच्या लोखंडाकडे उडी मारताना स्वच्छ दिसते आणि तिचा चट् असा आवाजही येतो. टोपीच्या आत दोन पितळी खुंट्यांच्या मधोमध पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर करंट तेथून वाट काढत आहे. ही रेघ पुसून जात नाही, टोपी बदलावी लागते. पावसाळ्यात पहिल्या सरीनंतर जी गाडी मिस मारू लागते, तिच्या टोपीत ही रेघ हमखास शोधावी.

टॅपेटचे अंतर इंजिन पूर्ण थंड असताना पाहावे. या इंजिनाच्या पुस्तिकेत ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर हे अंतर दिलेले सापडते. आपल्या गाडीची पुस्तिका वेगळे सांगत असेल तर तीच प्रमाण मानावी. मोजण्यासाठी नऊची रीत सोपी आहे: पुढून मोजत आठवा व्हॉल्व पूर्ण दाबलेला असताना पहिल्याचे टॅपेट मोजायचे, सातवा दाबलेला असताना दुसऱ्याचे, म्हणजे दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ येते. आवाज करणारे ढिले टॅपेट सर्वांना ऐकू येते. घातक असते ते आवाज न करणारे, घट्ट झालेले टॅपेट, कारण त्याचा व्हॉल्व पूर्ण बंद होत नाही, स्लोवर कॉम्प्रेशन गळते आणि काही हजार किलोमीटरांत व्हॉल्वची कडा जळते. फेब्रुवारी २०००पासून देशात शिसे असलेले पेट्रोल बंद झाले, आणि जुन्या हेडमधील मऊ ओतीव लोखंडाच्या सीटना शिशाचे जे संरक्षण मिळत असे तेही गेले. त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व हळूहळू सीटमध्ये बसत जातो आणि टॅपेट आपोआप घट्ट होते. मधल्या काळात ज्या गाड्या गॅस किटवर खूप चालल्या, त्यांत हे अधिक दिसते. दर दोन-तीन हजार किलोमीटरला तेच टॅपेट घट्ट होत असेल तर अंतर लावत बसण्यात अर्थ नाही. हेड उतरवून कठीण सीट बसवून घ्याव्यात.

जोडी

कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडवलेली, रेसचे पेडल पूर्ण दाबलेले आणि बॅटरी भरलेली असावी. आकडा किती आला यापेक्षा चार आकड्यांत फरक किती आहे हे महत्त्वाचे. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक जुन्या इंजिनाला माफ आहे. शेजारची दोन सिलेंडरे एकदम खाली दिसली, आणि प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजल्यावरही आकडा वाढला नाही, तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट गेलेले आहे. ऑइल घातल्यावर आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. एकट्या सिलेंडरचा आकडा खाली आहे आणि ऑइलने हलत नाही, तर व्हॉल्व.

कॉम्प्रेशन चारहींचे ठीक आहे आणि तरी एक-दोन किंवा तीन-चार ही जोडी कमजोर आहे, असे निघाले तर हवेची फट शोधायची. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवावे. फट असेल तेथे स्सस् असा आवाज स्पष्ट येतो. नंतर तेलाच्या कुपीने त्या जागी दोन-चार थेंब इंजिन ऑइल सोडावे; क्षणभर फट बुजते आणि इंजिनाची चाल बदलते. अनेक गॅरेजांत यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चिकटून असलेल्या सांध्यावर पेट्रोल शिंपडणे म्हणजे गाडी पेटवून देण्याची तयारी करणे होय, आणि तेलाने तेच काम होत असताना ही जोखीम कोणी घेऊ नये. मॅनिफोल्डचे नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत आवळावेत. अनेकदा तेवढ्यानेच काम भागते. गॅस्केट बदलावे लागले तर जुन्याचे तुकडे खरवडून दोन्ही मॅनिफोल्डांची तोंडे एका पातळीत आहेत का हे पट्टी लावून पाहावे, कारण वाकलेल्या तोंडावर नवे गॅस्केटही महिनाभरच टिकते.

सामाईक दोष: डेल्कोपासून सुरुवात

चारही सिलेंडरे सारखीच आणि अडखळ अनियमित असेल तर आधी पॉइंट उघडावेत. दोन्ही तोंडे सपाट आणि राखाडी असावीत. एकावर डोंगर आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल तर फिलर गेज डोंगरावर टेकते आणि प्रत्यक्षातले अंतर गेजवर दिसते त्यापेक्षा जास्त असते. असे पॉइंट बदलावेत. अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे, आणि ते एकाच कोपऱ्यावर न मोजता कॅमच्या चारही कोपऱ्यांवर मोजावे. चारही ठिकाणी वेगवेगळे येत असेल तर रोटर काढून शाफ्ट बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहावा. बुश झिजलेला असला की शाफ्ट डुलतो, प्रत्येक सिलेंडरची ठिणगी वेगळ्या अंशावर पडते, आणि कितीही नवे पॉइंट घातले तरी स्लो स्थिर होत नाही. खानदेशातल्या ज्या गाड्या तीस-चाळीस वर्षे काळ्या मातीच्या धुळीत चालल्या आहेत, त्यांच्या डेल्कोत हा दोष वारंवार सापडतो.

पॉइंटची प्लेट जरा बारकाईने पाहावी. व्हॅक्युमच्या ओढीने ती मागे-पुढे सरकत असते, आणि तिच्याबरोबर दोन लवचीक वायरी हलतात: एक आत येणारी, दुसरी प्लेटला अर्थ देणारी. वर्षानुवर्षे वाकून त्यांच्या आतल्या तारा तुटतात, वरचे वेष्टन मात्र शाबूत दिसते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने वायर हळूच ताणून पाहिली आणि ती रबरासारखी लांबली, तर आत तार उरलेली नाही. व्हॅक्युमची नळी कार्बोरेटरच्या बाजूने काढून तोंडाने ओढावी: प्लेट सरकली पाहिजे आणि नळीवर जीभ ठेवली की ओढ टिकून राहिली पाहिजे. टिकत नसेल तर आतला पडदा फाटला आहे, आणि तो इंजिनात हवाही सोडत आहे.

कंडेन्सरबद्दल मला थोडे कटुतेने लिहावे लागते. एका उन्हाळ्यात माझ्या गाडीने स्लोवर झटके घ्यायला सुरुवात केली तेव्हा मी पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे घातले, फरक पडला नाही म्हणून कार्बोरेटर तीनदा उतरवला, आणि चौथ्या दिवशी रात्री डेल्कोची टोपी बाजूला करून, इंजिन सेल्फवर फिरवून पाहिले तेव्हा पॉइंटच्या फटीत निळसर-पांढरी, जाड ठिणगी लखलखत होती. खोक्यातून नुकताच काढलेला कंडेन्सर पहिल्या दिवसापासूनच गेलेला होता. डब्यात टाकलेला जुना पुन्हा बसवल्यावर ठिणगी बारीक झाली आणि इंजिन लयीत आले. तेव्हापासून चालू स्थितीतला कंडेन्सर मी कधी फेकत नाही, आणि नवा भाग निर्दोष असतो असे गृहीत धरत नाही. मल्टिमीटर असेल तर कंडेन्सर साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या दरम्यान दिसावा. मात्र थंड असताना बरोबर दाखवणारा कंडेन्सर गरम झाल्यावरही दगा देऊ शकतो.

बॅटरीपासून इंजिनापर्यंतची अर्थची पट्टी काढून, घासून, परत आवळावी. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुस्तिकेतल्या अंशावर टेस्ट लॅम्पने लावून घ्यावे. याहून अधिक येथे लिहिण्यासारखे नाही.

व्हॅक्युम गेज

गेज मिळाले असेल तर ते मॅनिफोल्डला जोडून काटा पाहावा. निरोगी इंजिन समुद्रसपाटीला स्लोवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते, आणि दर हजार फुटांच्या उंचीला सुमारे एक इंच कमी धरायचा असतो. जळगाव-धुळे समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आतच असल्यामुळे आपल्याकडे एक इंचापेक्षा कमी वजा करावे. काटा स्थिर पण खाली, म्हणजे टायमिंग मागे आहे किंवा हवा शिरते आहे. काटा ठरावीक अंतराने झटका देऊन खाली येतो, म्हणजे एक व्हॉल्व गळतो. सावकाश वर-खाली तरंगतो, म्हणजे मिश्रणात दोष. शेजारच्या दोन सिलेंडरांमधले गॅस्केट फुटले असेल तर काटा मोठ्या झोक्याने हलतो. ब्रेकला व्हॅक्युम बूस्टर असलेल्या गाडीत त्याची नळी क्षणभर चिमटून पाहावी; स्लो सुधारली तर दोष इंजिनात नसून बूस्टरमध्ये आहे, आणि तो ब्रेकचा प्रश्न असल्यामुळे त्याच दिवशी सोडवावा.

ऊन, इथेनॉल आणि कापूस

पहाटे शहाण्यासारखे चालणारे इंजिन दुपारी बाजारातून निघताना पहिली दोन-तीन मिनिटे अडखळते, काळा धूर टाकते आणि मग आपोआप सुधारते, असे असेल तर तो बिघाड नाही. बंद केलेल्या इंजिनाची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते, वाटीतले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये टपकते, आणि सुरू करताना मिश्रण अति होते. अशा वेळी चोक न ओढता, पेडल अर्धे दाबून धरून सुरू करावे. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला उष्णतारोधक जाड ठोकळा कोणी काढून तेथे साधे गॅस्केट घातलेले नाही ना, हे जरूर पाहावे. याउलट, लळिंगचा किंवा कन्नडचा घाट चढून वर आल्यावर थांबताच इंजिन उपाशी पडल्यासारखे बंद होत असेल, तर गाडीतल्या पेट्रोल पंपात किंवा नळीत वाफ धरली आहे. जुने चालक या पंपावर ओली चिंधी टाकतात, आणि तो उपाय शास्त्रालाही मान्य आहे. नळी एक्झॉस्टपासून लांब बांधणे हा त्याहून टिकाऊ उपाय.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. त्यामुळे जुन्या पेट्रोलसाठी बेतलेले जेट आजच्या मिश्रणात किंचित कमी पेट्रोल देते, आणि ते स्लोवर आधी जाणवते. इथेनॉल जुन्या रबरालाही सोसत नाही आणि पाणी ओढून घेते. गाडीतल्या पंपाचा पडदा, नळ्या आणि सुईची वॉशर इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घालावी, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करावी.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या गावांवरून ये-जा असलेल्या गाडीचा एअर फिल्टर उघडून पाहिला नाही तर बाकीची तपासणी व्यर्थ आहे. तंतू आणि धूळ मिळून त्यावर गोधडीसारखा थर बसतो आणि पेट्रोलचे प्रमाण वाढवतो.

शेवटी कार्बोरेटर

येथवर सर्व ठीक निघाले तरच कार्बोरेटरकडे यावे. थ्रॉटलचा दांडा बोटांनी वर-खाली हलवावा आणि त्याच्या दोन्ही टोकांवर तेलाचा थेंब सोडावा. चाल बदलली तर दांड्याची भोके झिजली आहेत, आणि ती बुश घालून घेतल्याशिवाय कोणताही स्क्रू उपयोगी पडणार नाही. सोलेक्स बनावटीचा कार्बोरेटर असेल तर स्लो जेट काढून उजेडासमोर धरावे. भोक केसाइतके बारीक असते. ते पेट्रोलने धुऊन हवेने फुंकावे, तार कधीही घालू नये, कारण तारेने मोठे झालेले भोक लहान करता येत नाही. वाटीच्या तळाशी तांबूस गाळ असेल तर टाकी गंजली आहे आणि जेट पुन्हा पुन्हा भरणार आहे. चोक आत ढकलल्यावर त्याची झडप खरोखर पूर्ण मोकळी होते का, हे केबलकडे न पाहता झडपेकडे पाहून ठरवावे. एसयू बनावटीचा कार्बोरेटर बसवलेल्या गाडीत पिस्टन एक मिलिमीटरपेक्षाही कमी उचलून पाहावा: इंजिनाची गती वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, लगेच पडली तर कमी, आणि क्षणभर वाढून पूर्ववत झाली तर बरोबर.

स्लो लावताना इंजिन पूर्ण गरम आणि हेडलाइट बंद असावेत. सोलेक्सचा मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्यावा, आवळू नये, कारण त्याचे टोक सुईसारखे असते आणि दाबले की चर पडते. तेथून दीड फेरी बाहेर काढून सुरुवात करावी. थ्रॉटलच्या स्क्रूने गती थोडी चढी ठेवून मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरीने फिरवत जेथे इंजिन सर्वांत वेगाने आणि सर्वांत शांत चालते ती जागा शोधावी, मग थ्रॉटलचा स्क्रू सोडत गती खाली आणावी, आणि हे दोन-तीनदा पुन्हा करावे. मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत नेल्यावरही इंजिन बंद पडत नसेल, तर थ्रॉटल जास्त उघडा आहे किंवा पेट्रोल भलत्याच वाटेने येत आहे.

इंजिनाचे ठोके एकसारखे झाले आणि तरीही आरसा थरथरतच असेल, तर इंजिनाखालची रबरी माउंटिंग अंगठ्याच्या नखाने दाबून पाहावीत. नख रुतत नसेल तर रबर उन्हाने दगड झालेले आहे आणि इंजिनाला दोष देण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाडी दहा मिनिटे उन्हात उभी ठेवून, हेडलाइट लावून, स्लोवर पाच मिनिटे चालू द्यावी, आणि त्या वेळचा व्हॅक्युमचा आकडा तारीख घालून वहीत लिहून ठेवावा.